जाडी आणि कल एकाच अक्षरात : बोल्ड इटॅलिक सेरिफची घडण आणि वापर

संगणकावर रोमन लिपीतला एखादा शब्द निवडून ‘बी’ आणि ‘आय’ ही दोन बटणे लागोपाठ दाबली, की अक्षरे जाड होतात आणि उजवीकडे झुकतात. हे इतके सहज घडते, की बोल्ड इटॅलिक म्हणजे साध्या अक्षरात थोडी जाडी आणि थोडा कल मिसळून तयार झालेले अक्षर, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. चांगल्या फॉन्टमध्ये मात्र हे अक्षर नव्याने काढलेले असते. त्याच्या उभ्या रेघांची जाडी, त्याच्या आतली कोरी जागा, त्याची टोके, शेजारच्या अक्षरापासून राखलेले अंतर, यांतले काहीही दुसरीकडून जसेच्या तसे उचललेले नसते. जाडी अक्षराला एका दिशेने ओढते आणि कल दुसऱ्या दिशेने. या ओढाताणीत जो तोल अक्षरकार साधतो, तोच बोल्ड इटॅलिकचा स्वभाव होय.

आधी काही शब्द स्पष्ट करून घेऊ. ज्या अक्षराच्या रेघा टोकाशी एकदम तुटत नाहीत आणि लहानशी आडवी पायरी किंवा पसरट पाय घेऊन संपतात, त्याला सेरिफ अक्षर म्हणतात. टाइम्स, गारामाँ, बोडोनी, जॉर्जिया हे फॉन्ट याच कुळातले आहेत. या अक्षरांत बहुधा जाड आणि बारीक रेघांचा फरक असतो, कारण त्यांचा मूळ नमुना रुंद टोकाच्या लेखणीने लिहिलेल्या अक्षराचा आहे. लेखणी एका दिशेने ओढली की रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेने ओढली की बारीक. अक्षराच्या मुख्य उभ्या रेघेला या लेखात दंड म्हटले आहे आणि रेघांनी वेढलेल्या कोऱ्या जागेला पोकळी. वाचताना डोळा काळ्या रेघांइतकीच ही पांढरी पोकळीही पाहत असतो, आणि बोल्ड इटॅलिकमधल्या बहुतेक अडचणी या पोकळीपाशीच सुरू होतात.

इटॅलिक मुळात वेगळ्या हाताचे अक्षर होते. पंधराव्या शतकातल्या इटलीत विद्वान मंडळी भरभर लिहिण्यासाठी अरुंद, वळणदार, एकमेकांकडे झेपावणारी अक्षरे वापरत. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मॅन्युशियस यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या पंच, म्हणजे अक्षरांचे पोलादी ठसे, कोरणाऱ्या कारागिराने या हस्ताक्षरावरून खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, घडवले, आणि १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची हातात मावेल अशी छोटी आवृत्ती संपूर्णपणे या अक्षरात छापली गेली. तिथे इटॅलिक कशावर जोर देण्यासाठी आलेले नव्हते. सगळे पुस्तकच त्यात होते, आणि त्यातली मोठी अक्षरे, म्हणजे कॅपिटल्स, तर सरळ उभी होती. उभ्या अक्षराच्या मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखवायला इटॅलिक वापरावे, ही रीत सोळाव्या शतकात हळूहळू रुजली, आणि मोठी अक्षरेही त्याच शतकात लहान अक्षरांबरोबर झुकू लागली. म्हणजे आज आपण ज्याला इटॅलिकचे लक्षण समजतो तो कल त्याच्या घडणीत दुय्यम आहे. मुख्य गोष्ट हाताची गती ही आहे.

ही गती अक्षरांत आजही दिसते. उभ्या सेरिफमधल्या लहान ‘ए’ला डोक्यावर छत्रीसारखी कमान असते, इटॅलिकमध्ये ती कमान जाते आणि पोटाचा गोल व त्याला लागून दंड एवढेच उरते. ‘एफ’ ओळीच्या खाली उतरतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचे कोन पुष्कळदा गोलावतात. ‘एन’ आणि ‘एम’ यांच्या दंडाखालचे सपाट पाय जातात आणि शेवटच्या रेघेला पुढच्या अक्षराकडे वळणारे शेपूट येते. उभ्या अक्षरात सेरिफ ओळीवर घट्ट टेकलेला पाय असतो. इटॅलिकमध्ये तो लेखणी कागदावर टेकल्याची आणि उचलल्याची खूण होतो. म्हणूनच ‘सेरिफ इटॅलिक’मधला सेरिफ वेगळ्या जातीचा असतो, आणि जाडी वाढवताना त्याला वेगळे वागवावे लागते.

ठळक अक्षर याच्या तीनशे वर्षांनंतर आले, आणि आले ते जाहिरातीच्या गरजेतून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भिंतीवर चिकटवायच्या पत्रकांसाठी रॉबर्ट थॉर्न यांच्यासारख्या खिळे ओतणाऱ्या व्यावसायिकांनी ‘फॅट फेस’ नावाची अतिजाड अक्षरे आणली. त्यांचे दंड इतके फुगलेले होते, की पोकळीची केवळ फट उरे, आणि बारीक रेघा मात्र केसासारख्या राहत. या फॅट फेसला इटॅलिक जोड्याही होत्या, त्यामुळे ठळक तिरक्या सेरिफचा पहिला मोठा अवतार पुस्तकाच्या पानाऐवजी भिंतीवर झाला असे म्हणता येते. पुढे थॉर्न यांचीच फॅन स्ट्रीटवरची ओतशाळा इतरांच्या हाती गेली, आणि तिथूनच १८४५ साली रॉबर्ट बेस्ली यांनी ‘क्लॅरेंडन’ बाजारात आणला. साध्या मजकुराच्या ओळीत बसेल आणि तरीही उठून दिसेल असा ठळक टंक म्हणून तो घडवला होता, आणि शब्दकोशातले मूळ शब्द वेगळे दाखवायला त्याचा चांगला उपयोग झाला. त्याच्या रचनेची कायद्याने नोंदणी केली होती, पण संरक्षण तीनच वर्षांचे होते. ते संपताच इतर ओतशाळांनी त्याच्या नकला काढल्या. ठळक अक्षर ही रोजच्या वाचनातली सवय झाली ती या सुमारास.

आता मूळ प्रश्न. अक्षर जाड करायचे म्हणजे दंडाला काळेपण द्यायचे. पण अक्षराची उंची ठरलेली असते, कारण ते त्याच ओळीत इतरांबरोबर बसायचे असते. मग जाडी आडवी पसरते: पोकळी थोडी आकसते आणि अक्षर थोडे रुंद होते. इटॅलिकची ओढ उलटी आहे. त्याला अरुंद राहायचे असते, कारण त्याची गती त्या अरुंदपणातूनच येते. जाडीला स्थैर्य हवे आणि इटॅलिकला वेग हवा. एकाचे सगळे मान्य केले तर दुसरे बिघडते.

हा तोल आकड्यांत पाहता येतो. अडोबी कंपनीच्या ‘टाइम्स’ या फॉन्टच्या मोजमापांत अक्षराचा साचा १००० एककांचा धरलेला आहे. साध्या टाइम्समध्ये प्रमाण दंडाची जाडी ८४ एकके, ठळकमध्ये १३९, इटॅलिकमध्ये ७६ आणि ठळक इटॅलिकमध्ये १२१ आहे. म्हणजे ठळक इटॅलिक आपल्या उभ्या ठळक भावापेक्षा स्पष्टपणे सडपातळ आहे. अरुंद अंगावर १३९ एककांचा दंड बसवला असता तर पोकळ्या बुजल्या असत्या. रुंदीचे आकडे याहून बोलके आहेत. लहान ‘एम’ साध्यात ७७८ एकके रुंद आहे, ठळकमध्ये ८३३, इटॅलिकमध्ये ७२२, आणि ठळक इटॅलिकमध्ये पुन्हा ७७८. जाडीने जितके रुंदावले तितकेच इटॅलिकने आवळले, आणि अक्षर मूळ रुंदीवर परत आले. कलही अगदी तोच ठेवलेला नाही: इटॅलिकचा साडेपंधरा अंश, तर ठळक इटॅलिकचा पंधरा. अर्ध्या अंशाचा हा फरक कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पण हे अक्षर स्वतंत्रपणे बसवलेले आहे, याची साक्ष तो देतो.

सर्वांत नाजूक जागा सांध्याची असते. इटॅलिक ‘एन’मध्ये कमान दंडातून फार खालून फुटते, कारण लेखणी न उचलता वर गेलेली असते. साध्या जाडीत हा खालून फुटणारा फाटा देखणा दिसतो. पण दंड आणि कमान दोन्ही जाड झाली, की त्यांच्यामधली निमुळती पांढरी फट भरून जाते आणि तिथे काळा डाग तयार होतो. छपाईत शाई थोडी पसरते, त्यामुळे तो आणखी वाढतो. अक्षरकार म्हणूनच सांध्याजवळ रेघ मुद्दाम बारीक करत नेतात, कधी आतल्या बाजूला खाच ठेवतात, आणि फाटा किंचित वरून फोडतात. ‘ए’ आणि ‘जी’ यांच्या पोटात, ‘ई’च्या वरच्या लहान पोकळीत हाच झगडा असतो. बोल्ड इटॅलिकची परीक्षा करायची असेल, तर मी आधी ‘ई’ची ती पोकळी पाहीन, लहान आकारातही ती उघडी राहिली असेल, तर ते अक्षर काळजीने घडवलेले आहे असे समजायला हरकत नाही.

उभे ठळक अक्षर यंत्राने नुसते झुकवले तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १२ अंशांचा कल दिला, तर १० मिलिमीटर उंचीच्या अक्षराचा माथा सुमारे २.१ मिलिमीटर उजवीकडे सरकतो आणि दंडाची खरी जाडी जेमतेम २ टक्क्यांनी घटते. एवढ्याने दंडाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते गोलाईचे. ‘ओ’ तिरपा ओढला गेल्यामुळे त्याची उजवी वरची आणि डावी खालची बाजू सुजल्यासारखी जाड होते, आणि समोरासमोरच्या उरलेल्या दोन बाजू ओढून पातळ होतात. साध्या जाडीत हे खपून जाते, ठळक अक्षरात ते लगेच खुपते. शिवाय ‘ए’ची छत्री तशीच राहते, सपाट पाय तसेच राहतात, आणि चालण्याऐवजी अक्षर कलंडल्यासारखे दिसते. साध्या इटॅलिकला यंत्राने जाड केले तरी सुटका नाही, कारण यंत्र जाड आणि बारीक रेघांना सारखाच थर चढवते. त्यांच्यातला फरक पुसट होतो आणि सेरिफ गोळ्यासारखे दिसू लागतात. निव्वळ झुकवलेल्या उभ्या अक्षराला स्वतंत्र प्रतिष्ठा देण्याचे प्रयत्न नामवंतांनीही केले. विल्यम ड्विगिन्स यांचा ‘इलेक्ट्रा’ हा फॉन्ट प्रथम अशाच झुकवलेल्या जोडीसह आला होता, पण पुढे त्याला खऱ्या हस्ताक्षरी वळणाची जोडी करावी लागली.

मजकुराच्या टंकात बोल्ड इटॅलिक नेहमीचा सोबती व्हायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि तेव्हाही तो सहज मिळत नसे. १८८६ पासून वृत्तपत्रांत शिरलेल्या लायनोटाइप यंत्रात पितळेच्या एका साच्यावर एकाखाली एक अशी दोन अक्षरे कोरलेली असत: साधे आणि इटॅलिक, किंवा साधे आणि ठळक. दोन्हींना सारखीच रुंदी घ्यावी लागे, त्यामुळे कित्येक इटॅलिक अनैसर्गिकपणे पसरट झाले. चौथ्या रूपाला या जोडीत जागाच नव्हती. ते हवे असल्यास वेगळा संच लावावा लागे. चारही रूपे हाताशी असणे ही संगणकाची देणगी आहे. १९८५च्या ‘लेझररायटर’ या मुद्रणयंत्रात १३ फॉन्ट होते: टाइम्स, हेल्वेटिका आणि कुरिअर यांची प्रत्येकी चार रूपे, आणि एक चिन्हांचा संच. १९९२च्या विंडोज ३.१ मध्येही टाइम्स न्यू रोमन साधा, इटॅलिक, ठळक आणि ठळक इटॅलिक अशा चार रूपांत आला. घराघरांतली ‘बी’ आणि ‘आय’ ही बटणे याच चौकडीवर चालतात.

सगळ्याच सेरिफ कुळांत बोल्ड इटॅलिक सारख्या स्वभावाचे नसते. गारामाँसारख्या जुन्या वळणात जाड-बारीकमधला फरक सौम्य असतो, त्यामुळे तिथे ते ऊबदार आणि थोडे हस्तलिखितासारखे वाटते. बोडोनीच्या घराण्यात दंड गच्च काळे आणि जोडरेघा केसाएवढ्या असतात. मोठ्या आकारात यासारखे दिमाखदार अक्षर क्वचितच सापडेल, पण लहान आकारात त्या बारीक रेघा नाहीशा होतात आणि शब्दाऐवजी तिरप्या काळ्या पट्ट्यांची रांग दिसते. जाड चौकोनी सेरिफच्या कुळात इटॅलिक बहुधा झुकवलेले उभे अक्षरच असते, आणि ते ठणठणीत, कामकरी दिसते. पडद्यासाठी घडवलेल्या फॉन्टचा हिशोब वेगळा आहे. मॅथ्यू कार्टर यांनी काढलेला आणि १९९६ साली मायक्रोसॉफ्टने आणलेला जॉर्जिया त्या काळच्या पडद्यांवर दिसायचा होता. तिथे दंडाची जाडी एक ठिपका तरी असे, नाही तर दोन, मधले काही शक्यच नव्हते. त्यामुळे जॉर्जियाचा ठळक छापील फॉन्टांच्या मानाने बराच जाड आहे.

वापराचा विचार करताना एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: बोल्ड इटॅलिक दोनदा हाक मारते. ठळक शब्द पान उघडताच, वाचण्यापूर्वीच डोळ्यांत भरतो. इटॅलिक शब्द ओळ वाचत वाचत तिथे पोचल्यावर आवाज बदलल्यासारखा जाणवतो. दोन्ही हाका एकाच शब्दाला द्यायच्या, तर त्यासाठी कारण हवे. अशी कारणे आहेत. सर्वांत स्वच्छ कारण म्हणजे ठळक मथळ्याच्या आत येणारे इटॅलिक. सजीवांची प्रजाती आणि जाती सांगणारी शास्त्रीय नावे इटॅलिकमध्ये छापतात. तेच नाव ठळक शीर्षकात आले, तर ते ठळक इटॅलिकच व्हायला हवे, नाही तर ठळक ओळीत मधेच फिकट भोक पडते. पुस्तकाचे किंवा जहाजाचे नाव मथळ्यात आले तरी हाच नियम. शब्दकोशांत मूळ शब्द ठळक आणि व्याकरणाची माहिती इटॅलिक असते, तेव्हा त्या शब्दाखालच्या वाक्प्रचारांसाठी तिसरा दर्जा लागतो, आणि तिथे कित्येक कोश ठळक इटॅलिक योजतात. गणितात तर त्याला अर्थ आहे: ‘आयएसओ ८००००-२’ या मानकानुसार साधी चल राशी इटॅलिकमध्ये आणि सदिश राशी ठळक इटॅलिकमध्ये लिहितात, म्हणजे केवळ जाडी बदलली की राशीचा प्रकार बदलतो. तिथे हे अक्षर चुकीने साधे छापले गेले, तर समीकरणच चुकते.

याखेरीज मासिकांचे मथळे, पुस्तकांची मुखपृष्ठे, उठावाने दिलेली अवतरणे, वेष्टने आणि बोधचिन्हे हे त्याचे मोठे क्षेत्र आहे. थोडे शब्द, मोठा आकार आणि भोवती मोकळी जागा मिळाली, की जाडीतून येणारा ठामपणा आणि वळणातून येणारा जिव्हाळा एकत्र दिसतो. उभे ठळक अक्षर घोषणा करते, तर हे बोलल्यासारखे वाटते. काही फॉन्टमध्ये मोठ्या अक्षरांना लांब फर्राटे असलेली पर्यायी रूपे दिलेली असतात. शब्दाच्या आरंभी असे एखादे अक्षर शोभते. पूर्ण शब्दच फर्राटेदार मोठ्या अक्षरांत मांडला, तर वाचणे अशक्य होते.

परिच्छेदच्या परिच्छेद मात्र या अक्षरात मांडू नयेत. पोकळ्या लहान, दंड दाट आणि सगळे एका बाजूला झुकलेले असल्यामुळे ओळ काळीभोर होते, आणि शब्दांचे बाह्य आकार एकमेकांपासून कमी वेगळे दिसतात. सूचनापत्रकांत महत्त्वाचा इशारा म्हणून आठ-दहा ओळी अशा छापलेल्या दिसतात. ज्या ओळी वाचल्याच पाहिजेत त्याच अशाने वाचायला कठीण होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा ठिकाणी इशाऱ्याचे दोन-तीन शब्द ठळक करून बाकी मजकूर साधा ठेवणे वाचकाच्या हिताचे असते.

मांडणीतली एक बारीक बाब इथे सांगायला हवी. तिरक्या ‘एफ’ किंवा ‘डी’चे डोके उजवीकडे झुकलेले असते, त्यामुळे त्यानंतर लगेच उभा कंस किंवा उभे अवतरणचिन्ह आले, तर दोन्ही एकमेकांवर आदळतात, ठळक अक्षरात ही टक्कर जास्त उठून दिसते. डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीत यासाठी इटॅलिकच्या शेवटी किंचित जागा सोडण्याची स्वतंत्र आज्ञाच आहे. इतर ठिकाणी ही जागा हाताने द्यावी लागते. मुद्रितावर खूण करण्याची जुनी पद्धतही ध्यानात ठेवण्याजोगी आहे: सरळ अधोरेखा म्हणजे इटॅलिक, नागमोडी अधोरेखा म्हणजे ठळक, आणि शब्दाखाली दोन्ही रेघा म्हणजे ठळक इटॅलिक.

संकेतस्थळांवर खरे आणि बनावट बोल्ड इटॅलिक ओळखण्याची गरज वारंवार पडते. चार रूपांच्या चार स्वतंत्र फाइली असतात. वेग राखण्यासाठी कुणी फक्त साधी फाइल चढवली, तर ब्राउझर तिलाच जाड करून झुकवतो आणि काही सांगत नाही. ओळखायला ‘ए’ पुरेसा आहे. तिरक्या ठळक शब्दातल्या ‘ए’च्या डोक्यावर ती छत्री अजून असेल, तर बहुधा ते यंत्राने झुकवलेले अक्षर आहे. संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत ‘फॉन्ट-सिंथेसिस’ हा गुणधर्म बंद ठेवला, तर ब्राउझर असे अक्षर बनवत नाही आणि उणीव लगेच लक्षात येते. २०१६ साली आलेल्या व्हेरिएबल फॉन्टच्या तंत्रात जाडी सलगपणे कमीजास्त करता येते, पण उभ्यापासून खऱ्या इटॅलिकपर्यंतचा प्रवास असा सलग होत नाही, कारण छत्रीचा ‘ए’ आणि बिनछत्रीचा ‘ए’ यांच्या मधले रूप अस्तित्वातच नाही. म्हणून इटॅलिकसाठी बहुधा वेगळी फाइल दिलेली असते. देवनागरीला तर स्वतंत्र इटॅलिकची परंपराच नाही; तिथे ‘आय’ बटण दाबल्यावर सहसा शिरोरेखा आडवीच राहते आणि खाली लोंबणारे काने तेवढे तिरपे होतात, त्यामुळे जोर देण्यासाठी नुसते ठळक अक्षर पुरेसे मानणे योग्य.

समाजमाध्यमांवर दिसणारी ठळक तिरकी इंग्रजी नावे हा आणखी वेगळा प्रकार आहे. तिथे फॉन्ट बदललेला नसतो. गणिती लेखनासाठी २००१ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात, ठळक इटॅलिक रोमन अक्षरे स्वतंत्र चिन्हे म्हणून घेतली गेली, आणि सजावट करून देणारी साधने साध्या अक्षरांच्या जागी ती चिन्हे बसवतात. डोळ्यांना तो शब्द दिसतो. पण पडदा वाचून दाखवणारी साधने त्यातले एकेक चिन्ह ‘मॅथेमॅटिकल बोल्ड इटॅलिक स्मॉल ए’ अशा लांब नावाने उच्चारतात किंवा सरळ गाळून पुढे जातात, आणि ज्या अंध वाचकाला ते नाव ऐकायचे असते त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.